शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पहिल्या तीन महिन्यांचे पैसे कुठून आणायचे?

भोर आणि वेल्ह्याच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला पूर्वी विचारले जायचे, परदेशी शिष्यवृत्ती मिळते कशी? आता काही घरांतून पुढचा प्रश्न येतो. मिळाली तर पैसे तिकडे पोहोचतात कसे? प्रश्न बदलला याचा आनंद आहे. पण परदेशी निघालेला मुलगा किंवा मुलगी बहुधा घरातली पहिलीच असते. उत्तर सांगणारे घरात कुणी नसते.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले तेव्हा बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती. त्यात राहणे, खाणे, पुस्तके, शिवाय मुंबईला घरी पाठवायचे पैसेही. १९२० साली लंडनला परतताना साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज असा मेळ त्यांना घालावा लागला. हिशेब तेव्हाही सोपा नव्हता.

आज राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातले ७५ विद्यार्थी दरवर्षी निवडले जातात. अर्ज पुण्यातल्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे. विद्यापीठाचे शुल्क सरकार भरते आणि निर्वाह भत्ता वेगळा देते. ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड, इतर देशांसाठी १५,४०० डॉलर. ९,९०० ला बाराने भागा. महिना ८२५ पौंड. आता दुसरा आकडा पाहा. ब्रिटनच्या व्हिसा नियमांनी जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च लंडनमध्ये १,४८३ आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड धरला, पुढे तो आणखी वाढला. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र दाखवून व्हिसा मिळेल, पण घरमालक त्या पत्रावर भाडे सोडत नाही. म्हणून शहर निवडतानाच हा हिशेब करा. मोठ्या नावाच्या मोहात लंडनच हवे, असे नाही.

खरी अडचण पहिल्या तीन महिन्यांची. भत्ता हातात पडायच्या आधीच घराची अनामत, पहिले भाडे आणि थंडीचे कपडे यांचा खर्च येतो. सत्र सप्टेंबरात सुरू होते, म्हणजे पैसे जुलै-ऑगस्टमध्ये लागतात. आपल्याकडे तेव्हा भाताची लावणी उरकत असते, घरातला पैसा मजुरी आणि खतात गेलेला असतो. भात विकून पैसा येतो तो दिवाळीनंतर. मग सोने गहाण टाकले जाते किंवा सावकार गाठला जातो. निवड व्हायची वाट न पाहता, अर्ज करतानाच तीन महिन्यांची रक्कम बाजूला काढायला लागा. शैक्षणिक कर्जाची चौकशीही तेव्हाच करा.

आता पैसे पाठवण्याचे. गावात बहुतेकांचे खाते जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत असते. परदेशी पैसे पाठवायला मात्र परकीय चलनाचा परवाना असलेली बँक लागते आणि तिथेही प्रत्येक शाखेत हे काम होत नाही. आई किंवा वडिलांच्या नावाने अशा बँकेत खाते आधीच उघडा, पॅन जोडा. पैसे पाठवताना ए-टू नावाचा अर्ज, प्रवेशाचे पत्र आणि कारण म्हणून 'शिक्षण' लिहिणे एवढे लागते. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस कापला जात नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर तो मुळीच नाही.

'शुल्क शून्य' अशा जाहिरातीला भुलू नका. नफा दरात लपवलेला असतो. डॉलरमागे एकच रुपया जास्त लावला तरी १५,४०० डॉलरवर १५,४०० रुपये जातात. त्या दिवशीचा बाजारदर मोबाईलवर बघा आणि दोन ठिकाणी विचारा.

सगळ्यात धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. तिकडे पैशांची ओढाताण सुरू झाली की एखादा ओळखीचा म्हणतो, तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, काही तू ठेव. किंवा, इथे मला पौंड दे, मी गावाकडे तुझ्या बाबांना रुपये पोहोचवतो. पहिल्यात तुमचे खाते चोरीच्या पैशांची वाट बनते. दुसरी हवाला आहे आणि ती आपल्या परकीय चलन कायद्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये असे खाते बंद होते, फसवणुकीची नोंद सहा वर्षांपर्यंत राहते, खटलाही होऊ शकतो. तिथे काम करायचे तर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा पाळून, पगार स्वतःच्या खात्यात घेऊन करा.

निघण्याआधी दोन कामे राहतात. परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी कायद्याने अनिवासी ठरतो, त्यामुळे इथले बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. आणि बँकेला जोडलेले सिमकार्ड बंद पडू देऊ नका. ओटीपी त्याच नंबरवर येतो. रोमिंग सुरू करून घ्या, रिचार्जची तारीख धाकट्या भावंडाला लिहून द्या.