वाट दाखवणारा दगड

मराठीतला चुंबक जवळ ओढतो. त्या शब्दातच चुंबन आहे. इंग्रजांनी याच दगडाला ‘लोडस्टोन’ म्हटले. जुन्या इंग्रजीत ‘लोड’ म्हणजे वाट, म्हणून हा वाट दाखवणारा दगड. ‘मॅग्नेट’ हा शब्द ग्रीकांच्या मॅग्नेशिया प्रदेशावरून आला आणि उर्दूत ‘मक्नातीस’ झाला. होकायंत्राला उर्दूत कुतुबनुमा म्हणतात, म्हणजे ध्रुव दाखवणारा.

सुई उत्तर का दाखवते? पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, असे विल्यम गिल्बर्टने 1600 साली लिहिले. पण तिचा चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवाच्या जागी नाही. त्यामुळे सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी कलते. इंग्रज खलाशी या फरकाला ‘व्हेरिएशन’ म्हणत. नगर भागात सध्या तो एका अंशाहून कमी आहे.

सुईला लोखंड आणि वीज दोन्ही चकवतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय काम 1904 मध्ये अलिबागला हलवावे लागले. मग आपल्या घरातल्या सुईचे काय? किब्ला पाहताना ती लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोबाईलपासून दूर ठेवावी.

आणखी एक गोष्ट. अहमदनगरहून (अहिल्यानगर) मक्का थेट पश्चिमेला नाही. पश्चिमेपासून सुमारे 10 अंश उत्तरेकडे आहे. थोड्या फरकाने नमाज बिघडत नाही, असे बहुतेक फकीह सांगतात. तरीही नव्या घरात जानमाजची जागा ठरवताना हे 10 अंश लक्षात ठेवावेत. सुई फक्त उत्तर सांगते; तिथून किब्ल्याकडे आपल्यालाच वळायचे असते.