डाव मांडावा, पण मोजून

वर्ध्याच्या स्टेशनवर उतरले की मला अजूनही पहिल्यांदा आठवते ती सरकी. आमच्या लहानपणी पाडव्याच्या दुपारी ओसरीत सतरंजी पसरली जाई, बाबा पत्ते पिसत आणि आई प्रत्येकापुढे मूठमूठ सरकी टाकी. कापसाच्या मुलखात डावावर लावायला दुसरे काय असणार! दिवे लागले की जिंकलेली, हरलेली सगळी सरकी एका टोपल्यात जमा होई आणि तिथून शेजारच्या गोठ्यातल्या गाईपुढे जाई. ज्याने दिवसभर सगळ्यांना लुटले त्यानेच ते टोपले उचलून न्यायचे, हा बाबांचा नियम. जुगार म्हणून आम्हाला ठाऊक होता तो एवढाच!

गेल्या दिवाळीत भाऊबीजेसाठी मी माहेरी गेले, ती पाडव्यालाच पोचले. सतरंजी पसरलेली होती, आई सरकीची पुरचुंडी घेऊन बसली होती. पण धाकट्या भावाचा पत्ता नव्हता. तो आतल्या खोलीत फोनवर तीन पत्ती खेळत होता.

“काय करून राहिला रे? सगळे खोळंबले ना बाहेर!” मी म्हटले.

“आलोच ताई, हा एकच डाव,” तो म्हणाला. मान वर नाही.

हा एकच डाव रात्री साडेअकराला संपला. त्याची अकरा वर्षांची लेक माझ्या कुशीत झोपता झोपता म्हणाली, “आत्या, बाबा हरले की बोलत नाहीत, आणि जिंकले की ऐकत नाहीत.” पोरीने तक्रार केली नव्हती, पाऊस पडतो म्हणावे तसे सांगितले होते. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी मी विषय काढला तेव्हा भाऊ हसला. “अगं, सरकारने बंदी घातली ती पैशाच्या खेळांवर. हा नुसता करमणुकीचा. यात चिप्स मिळतात, पैसे मिळत नाहीत. मग जुगार कसला?”

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने, पैसे लावून पैसे जिंकण्याचा फोनवरचा प्रत्येक खेळ बंद केला. मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या महाराष्ट्रात तर कॅसिनो कधी उघडलेच नाहीत. १९७६ साली त्यासाठी केलेला कायदा अमलात न येताच २०२३ साली रद्द झाला. पण ज्या खेळात जिंकलेल्या चिप्स पैशात बदलून मिळत नाहीत, तो या बंदीच्या बाहेर राहतो. चिप्स संपल्या की नव्या विकत घेता येतात. म्हणजे पैसे जाण्याचा दरवाजा उघडा, येण्याचा तेवढा बंद! गंमत अशी, की हरण्याची खात्री असलेला हा जुगार कायद्याच्या दृष्टीने जुगारच नव्हे.

मी भावाशी वाद घातला नाही. वहिनीने मात्र मला हळूच स्वयंपाकघरात बोलावले आणि डाळीच्या डब्यामागून बँकेचे पासबुक काढून दाखवले. पानोपान एकच रक्कम होती : ९९ रुपये, ९९ रुपये, ९९ रुपये. “लेकीच्या शिकवणीची फी द्यायची राहिली आहे, ताई,” ती म्हणाली. “विचारलं की म्हणतात, पुढच्या महिन्यात.”

वाचकहो, आमच्या या मुलखाला द्यूताची गोष्ट नवी नाही. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर, अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर आहे. तेच विदर्भराज भीमाचे कुंडिनपूर, दमयंतीचे माहेर, असे परंपरा मानते. नळ राजा पुष्कराशी फासे खेळायला बसला आणि महिनोन् महिने उठलाच नाही, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. पण त्या कथेतल्या दोन गोष्टींकडे आपले लक्ष जात नाही.

पहिली दमयंतीची. नवरा ऐकत नाही हे दिसताच ती नुसती रडत बसली नाही. राज्य पुरते जाण्याआधीच तिने सारथ्याबरोबर दोन्ही मुले कुंडिनपुराला माहेरी धाडून दिली. जे वाचवायचे ते वेळेवर बाजूला काढले.

दुसरी नळाची. तो बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे हाकीत होता. वाटेत बेहड्याचे झाड लागले. त्याची पाने आणि फळे ऋतुपर्णाने नुसत्या नजरेने मोजून सांगितली. नळाने रथ थांबवला. म्हणाला, मी स्वतः मोजून पाहीन. त्याने फळे मोजली, हिशेब बरोबर निघाला, ऋतुपर्णाने त्याला फाशांची विद्या दिली आणि त्याच क्षणी नळाच्या अंगातून कली बाहेर पडला. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे कथेतली खुबी कळते. ज्या फळांनी राज्य नेले, तीच मोजल्यावर कली सुटला.

तर आपणही जरा मोजून पाहू. बावन्न पानांतून तीन पाने एकूण २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी एकसारखी तीन पाने येण्याचे प्रकार फक्त ५२. म्हणजे सरासरीने ४२५ डावांत एकदा! हे झाले घरच्या प्रामाणिक पत्त्यांचे. फोनमध्ये पाने कोण पिसतो हे आपल्याला दिसत नाही. ती कशी पडावीत हे ठरवणारे सूत्र खेळ बनवणाऱ्याच्या हाती असते. गोव्याच्या कॅसिनोतले रुलेट घ्या. चाकावर एकच शून्य असेल तर घरे ३७, पण एका आकड्यावर लावलेल्या रुपयाला नफा मिळतो ३५ रुपये. दर शंभर रुपयांमागे सुमारे पावणेतीन रुपये चाकवाल्याचे. आणि मटका? एका आकड्याची शक्यता दहात एक, देणे मात्र नऊपट. शंभरातले दहा रुपये तिथेच गेले.

मटक्याचा तर आमच्या कापसाशी जुना ऋणानुबंध आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईला तारेने येत आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे बंद झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली. कापूस गेला, मडके राहिले. हिंगणघाटच्या शेतकऱ्याने उन्हातान्हात पिकवलेल्या मालाच्या नावावर मुंबईत किती संसार बुडाले असतील!

मग शहाणी माणसे यात का अडकतात? स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिंजऱ्यातल्या उंदरांवर आणि कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक वेळा कळ दाबल्यावर दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होताच ते प्राणी लवकर कंटाळतात. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर ते कितीतरी वेळ दाबतच राहतात. फोनमधला खेळ याच तत्त्वावर उभा आहे. सकाळी फुकट चिप्स, थोड्या वेळाने ‘अगदी थोडक्यात हुकले’ असा डाव, आणि चिप्स संपताच ‘फक्त आजच’ची सवलत. यात मूर्खपणाचा प्रश्न नाही. म्हणून घरातल्या माणसाला मूर्ख म्हणून काही साधत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक असावे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला त्यांनी द्यूतप्रतिपदा असे नावच दिले, आणि खेळायला मोकळीक दिली ती त्या दिवसाची. हौस दाबून टाकली नाही, तिला पंचांगात बसवले. फोनला मात्र पंचांग नाही. त्याच्यात तीनशे पासष्ट दिवस पाडवाच असतो. म्हणून कुंपण आता आपणच घालायचे.

ते कसे घालावे? आधी पैशाचे. बसण्यापूर्वी रक्कम ठरवावी, आणि ती सिनेमाच्या तिकिटासारखी गेलीच असे समजावे. करमणुकीच्या चिप्सना खरे म्हणजे एक रुपयाही लागू नये. फोनमध्ये खरेदीला कुलूप घालता येते, ते घालून त्याची किल्ली घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी. मग वेळेचे. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, तोही घड्याळाचा गजर लावून. आणि अंथरुणात फोन नाही. हरलेले भरून काढण्यासाठी पुढचा डाव कधीही मांडू नये, कारण पानांना मागची आठवण नसते. राग, दुःख किंवा रिकामपण आले असताना खेळायला बसू नये. मुलांच्या हाती हे खेळ देऊ नयेत, चिप्स खोट्या असल्या तरी सवय खरी लागते. आणि उसने काढून खेळणे, लपवून खेळणे, बंद करतो म्हणूनही न होणे, यांतले काही दिसू लागले तर तो स्वभावाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार आणि अशा खेळांचा विकार, दोन्हींची नोंद आहे. त्यावर उपचार आहेत. आमच्याकडे सेवाग्रामच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि घरबसल्या बोलायचे तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक फुकट आहे.

आता भावाचे सांगते. भाऊबीजेला मी त्याला ओवाळले. तबकात त्याने नेहमीप्रमाणे पाकीट ठेवले. मी ते परत केले.

“मला या वर्षी दुसरी ओवाळणी हवी,” मी म्हटले. “पासबुक घे, पेन्सिल घे आणि माझ्यासमोर बसून मोज.”

तो वहिनीकडे बघून चिडला, मग ओशाळला. “पाचेक हजार गेले असतील,” म्हणाला. मी काही बोलले नाही. तो एकेका ओळीवर खूण करीत गेला. आई सरकी निवडायचे निमित्त करून तिथेच बसली होती. आठ महिन्यांच्या पानांवर ९९ रुपयांच्या नोंदी निघाल्या १३७. त्याने गुणाकार दोनदा केला. तेरा हजार पाचशे त्रेसष्ट. बराच वेळ तो त्या आकड्याकडे बघत राहिला. मग फोन उचलून त्याने वहिनीपुढे धरला. “कुलूप तूच घाल,” एवढेच बोलला.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. संक्रांतीच्या सुमारास तो पुन्हा घसरला. दुसऱ्या एका खेळात चारशे रुपये घालवून बसला. पण या वेळी त्याने ते वहीत लिहिले आणि रात्री स्वतःच मला फोन करून सांगितले. लपवणे थांबले, ही माझ्या मते अर्धी लढाई. लेकीची फी भरली गेली. रात्रीचे जेवण चौघेजण एकत्र करतात, असे वहिनी कळवते.

यंदाही मी पाडव्याला वर्ध्याला जाणार आहे. सतरंजी पसरलेली असेल, आईने सरकी निवडून ठेवली असेल. भाच्चीने मला आधीच बजावले आहे, “आत्या, या वेळी सगळ्यांना मीच लुटणार!” लुटू दे बापडी. दिवे लागले की गोठ्याकडे टोपले न्यायचे आहे, हे तिला ठाऊक आहे.