नवी नोकरी आणि बाळंतपणाची रजा: काही गैरसमज, खरे नियम

शेंद्रा एमआयडीसीत किंवा शेजारच्या ऑरिकमध्ये नव्याने कामाला लागलेल्या बाईला दिवस राहिले, की पहिला सल्ला मिळतो तो राजीनाम्याचा. ‘अजून पर्मनंट नाहीस, रजा कोण देणार?’ मग करमाड-कुंभेफळहून शिफ्टला येणारी ती पोट दिसेपर्यंत कंपनीत काही बोलत नाही आणि सातव्या महिन्यात काम सोडून देते. सव्वीस आठवड्यांचा पगार तिथेच बुडतो. हा सल्ला देणारी माणसं आपलीच असतात, पण त्यांना नियम माहीत नसतो.

गैरसमज: वर्ष भरल्याशिवाय रजा नाही. कायद्याला वर्ष लागत नाही, ८० दिवस लागतात. डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेपासून मागे बारा महिने मोजायचे. त्यात त्या मालकाकडे ८० दिवस काम भरलं असेल, तर हक्क लागू झाला. पगारी सुट्ट्या आणि ले-ऑफचे दिवसही धरले जातात. आठवड्याला सहा दिवस काम असेल, तर तीन महिन्यांच्या आसपास ही अट पुरी होते. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात ती १६० दिवसांची होती, १९८८च्या दुरुस्तीने निम्म्यावर आली. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी ८० दिवस कायम आहेत. नोकरी लागली तेव्हा पोटात बाळ होतं का, हे कायदा विचारत नाही. प्रोबेशनवर आहे म्हणून कुणाला वगळतही नाही.

गैरसमज: ठेकेदाराच्या माणसांना हे लागू नाही. संहितेतल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत कामावर घेतलेले लोक आहेत. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदार बायकांना हा लाभ मिळालाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं. २०२३मध्ये ते आणखी पुढे गेलं: मुदतीचा करार रजेच्या काळात संपला, तरी लाभ मध्येच तोडता येत नाही. एक अपवाद मात्र खरा आहे. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिस म्हणून घेतलेल्या मुली या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून जॉइनिंग लेटरवर ‘ट्रेनी’ लिहिलं असेल, तर तो कागद नेमका कोणत्या कायद्याखालचा आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं.

गैरसमज: ईएसआय कापला जातो, म्हणजे कंपनीचा संबंध संपला. शेंद्र्यात सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, असं मला वाटतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू होतो आणि प्रसूतीचे पैसे मालकाऐवजी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ, देतं. पण त्याची अट वेगळी आहे. आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी हवी, आणि बाळंतपण ‘लाभ-काळात’, म्हणजे त्या वर्गणीवर पैसे मिळू शकतात त्या काळात, यायला हवं. पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलेल्या कामगाराचा लाभ-काळ नोकरी लागल्यानंतर नऊ महिन्यांनी उघडतो.

समजा, एखादी १० जूनला कामाला लागली. तिचा लाभ-काळ १० मार्चपासून सुरू होणार, आणि डिलिव्हरीची तारीख आहे जानेवारीअखेर. ईएसआय म्हणतं, अजून पात्र नाही. एचआर म्हणतो, तुमचा ईएसआय आहे, आमच्याकडे काही नाही. बाई दोन्हीकडून रिकाम्या हाताने परतते. खरं तर या फटीची सोय कायद्याने केलेली आहे: ईएसआयच्या लाभाला पात्र होईपर्यंत बाईचा मालकाकडचा हक्क चालू राहतो. जुन्या कायद्यात हे कलम ५-अ होतं, संहितेत ६१वं आहे. वरच्या उदाहरणात डिसेंबरपर्यंत ८० दिवस केव्हाच भरलेले असतात, म्हणजे पैसे कंपनीने द्यायचे.

आधी वाळूजला किंवा चिकलठाण्याला काम केलेल्यांनी आणखी एक जपावं. ईएसआयचा विमा क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो आणि जुन्या मालकाकडची वर्गणीही मोजली जाते. नव्या ठिकाणी दुसरा क्रमांक काढला, तर ही साखळी तुटते. जुना क्रमांक पहिल्या दिवशीच द्यावा.

गैरसमज: रविवारचे पैसे नाहीत, तिसऱ्या बाळाला काहीच नाही. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार धरून; मळ्यात काम करणाऱ्या एका बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्येच हे स्पष्ट केलं. दोन मुलं हयात असतील, तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे पगारी रजा आहे. गर्भपात झाला, तर सहा आठवडे.

गैरसमज: ही मालकाची मेहेरबानी आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्याचा काही भार उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात देशातला असा पहिला कायदा झाला. गिरणीतल्या बायकांसाठी त्या वेळी मिळवलेली ही गोष्ट आज शेंद्र्यातल्या असेंब्ली लाइनवरच्या मुलीने हक्कानेच मागावी.

मागताना लेखी मागावं. रजा कधीपासून हवी, पैसे कुणाच्या नावे द्यायचे, हे लिहून अर्जाची पोच घ्यावी. डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते. त्या काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळतात, आणि उरलेले जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. अर्ज वेळेवर दिला नाही, एवढ्यावरून हक्क जात नाही. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. प्रसूतीच्या सहा आठवडे आधीचा जो महिना असतो, त्यात तासन्‌तास उभं राहण्याचं किंवा जड काम नको असेल, तर तसं सांगता येतं आणि मालकाला ते ऐकावं लागतं. ८० दिवस सिद्ध करायला पगारस्लिपा आणि हजेरीचे फोटो पहिल्या महिन्यापासून मोबाइलमध्ये ठेवावेत. आणि बायका काम करतात त्या प्रत्येक विभागात या नियमांचा गोषवारा स्थानिक भाषेत, म्हणजे इथे मराठीत, लावणं मालकावर बंधनकारक आहे. तो दिसत नसेल, तर एचआरला पहिला प्रश्न तोच विचारावा.