ढगाळ संध्याकाळी सापडलेला तारा



आभाळ भरून आले की आकाशदर्शनाचा कार्यक्रम रद्द होतो. आम्हीही सूचनाफलकावर तसे लिहून मोकळे होतो. २१ जानेवारी २०१४ च्या संध्याकाळी लंडनच्या उत्तर भागातील मिल हिल येथील विद्यापीठाच्या वेधशाळेत अशीच वेळ आली होती. ढग दाटत होते आणि ठरलेले प्रात्यक्षिक होण्यासारखे नव्हते. पण डॉ. स्टीव्ह फॉसी यांनी आपल्या चार विद्यार्थ्यांना घरी पाठविले नाही. आकाशाचा थोडा भाग मोकळा होता, तेवढ्यात ३५ सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीवरील कॅमेरा कसा चालवावा, हे तरी दाखवावे असे त्यांनी ठरविले.

दुर्बीण त्यांनी एम ८२ या दीर्घिकेकडे वळविली. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे कुटुंब. आपली आकाशगंगा हीही एक दीर्घिकाच. एम ८२ ही सप्तर्षींच्या तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. चित्र पडद्यावर आले आणि सरांना त्यात एक ठिपका खटकला. या दीर्घिकेची छायाचित्रे त्यांनी पूर्वी पाहिलेली होती. त्या जागी तारा असायला नको होता!

मित्रांनो, खरा धडा इथून सुरू होतो. ठिपका दिसला म्हणजे शोध लागला असे नव्हे. तो कॅमेऱ्यातील दोष असू शकतो किंवा वाटेत आलेला एखादा लघुग्रह असू शकतो. म्हणून त्यांनी जुनी छायाचित्रे काढून ताडून पाहिली. ढग पसरण्यापूर्वी घाईघाईने वेगवेगळ्या फिल्टरमधून चित्रे घेतली आणि दुसऱ्या दुर्बिणीनेही तीच जागा टिपली. तेथेही ठिपका होता. मग त्यांनी आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या कार्यालयाला कळविले. पुढे या ताऱ्याला ‘एसएन २०१४ जे’ हे नाव मिळाले.

हा होता अतिनवतारा, ज्याला हिंदी पुस्तकांत ‘अधिनवतारा’ म्हणतात. नाव नवताऱ्याचे असले तरी हा ताऱ्याचा जन्म नसून अंत आहे. मात्र हा अंत एकाच प्रकारचा नसतो. कोणता प्रकार, हे छायाचित्रावरून ठरत नाही. त्यासाठी वर्णपट काढावा लागतो. लोलकातून जसे सूर्यप्रकाशाचे सात रंग वेगळे होतात, तसा ताऱ्याचा प्रकाश पसरवून पाहतात. प्रत्येक मूलद्रव्य त्यात आपल्या ठरलेल्या खुणा सोडते, जणू अंगठ्याचा ठसाच.

वर्गीकरणाचा नियम असा आहे. वर्णपटात हायड्रोजनच्या खुणा असल्या तर तो दुसरा प्रकार, नसल्या तर पहिला. ही विभागणी रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी १९४१ मध्ये केली. पहिल्या प्रकारात सिलिकॉनची ठळक खूण असेल तर त्याला ‘एक-ए’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळतो; ‘एक-ए’ मध्ये श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा उरलेला लहान घट्ट गोळा, सबंधच उडतो.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथील ३.५ मीटरच्या दुर्बिणीने लगेच वर्णपट घेतला. त्यात हायड्रोजन नव्हता, सिलिकॉन होते आणि ते सेकंदाला सुमारे २० हजार किलोमीटर वेगाने बाहेर फेकले जात होते. प्रकार ठरला, ‘एक-ए’. पुढे भारतातूनही लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्रा दुर्बिणीने त्याचे वेध घेतले.

एवढा खटाटोप कशासाठी? ‘एक-ए’ ताऱ्यांची खरी तेजस्विता किती, हे बरेच नेमके काढता येते. म्हणून ते किती मंद दिसतात यावरून दीर्घिकांचे अंतर मोजता येते. विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत आहे, हे १९९८ मध्ये याच ताऱ्यांवरून कळले आणि २०११ मध्ये त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गीकरण चुकले तर मोजपट्टीच चुकते.

आता एक गोष्ट सांगून थांबतो. हा तारा २१ जानेवारीला प्रथम दिसला असे नाही. जुनी चित्रे तपासली तेव्हा १५ जानेवारीच्या चित्रातही तो आढळला. रात्रभर आकाश चाळणाऱ्या स्वयंचलित शोधमोहिमांच्या नजरेतून तो निसटला होता. सापडला तो, नेहमीचे चित्र ओळखणाऱ्या एका शिक्षकाला, तासच झाला नसता अशा संध्याकाळी.

हे लिहिताना आम्हाला आमच्या सूचनाफलकाची आठवण झाली. यापुढे आभाळ भरले तरी कार्यक्रम सरसकट रद्द होणार नाही. जेवढे दिसेल तेवढे पाहू. तुम्हीही गच्चीवरून सप्तर्षी रोज पाहात जा आणि वहीत काढा. नेहमीचे काय, हे ठाऊक असेल, तरच नवे काय ते कळेल.