मुंबईची झाडे पाहताना

मुंबईला जाणारा माणूस समुद्र पाहतो, उंच इमारती पाहतो. या खेपेला मी ठरवून झाडे पाहत हिंडलो. शेतावरची नजर शहरातही सुटत नाही, त्याला काय करणार!

दादरच्या पारशी कॉलनीत पाऊल टाकले आणि जीव निवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी झाडे, जवळच पाच बागा. ही सावली आपोआप आलेली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने इकडची वस्ती आखतानाच रुंद रस्ते आणि मोकळी जागा राखली. आधी जागा, मग झाड.

त्याहून नवल वाटले ते माहीमच्या निसर्ग उद्यानाचे. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकरांत दाट राई उभी आहे. एकेकाळी इथे शहराचा कचरा पडत असे! त्यावर माती पसरून झाडे लावली आणि १९९४ साली उद्यान खुले झाले. उकिरड्याचे खत आपण दरसाल करतो. उकिरड्याचे रान करायला मात्र वर्षानुवर्षांची राखण लागते.

पण त्याच मिठीची दुसरी बाजूही आहे. विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठची पाणथळ जमीन आणि खारफुटी भरून वस्ती वाढली, पात्र आवळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नदी घरांत शिरली. एवढ्या पावसाने कोणतेही गाव बुडाले असते, हे खरे. तरी ओढा बुजवला की पाणी कुठे जाते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. रस्त्याकडेच्या कित्येक झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आणून भिडवले आहे. आळे नाही, पाणी मुरायला वाव नाही. आपल्या आंब्याच्या कलमाला आपण असे करू काय? मग पावसाळ्यात झाड पडले की दोष वाऱ्याला!

वाचकहो, आज आपली तालुक्याची गावेही वाढत आहेत. शेते बिनशेती होत आहेत, नाल्यांवर गाळे उभे राहत आहेत. घरे हवीत, दुकानेही हवीत. पण प्लॉट पाडण्याआधी ओढ्याची वाट आणि झाडाची जागा सोडली, तर पुढे कोट्यवधी रुपये खर्चून ती शोधावी लागणार नाही. ग्रामसभेत हा विषय काढायला मुहूर्त लागत नाही.