बदलीचें कार्ड

मुंबईच्या कापडगिरण्यांत कायम कामगार गैरहजर राहिला म्हणजे त्याच्या जागीं 'बदली' घेत असत. सकाळीं दरवाजाशीं उमेदवारांची गर्दी जमे. आंत कोणाला घ्यावयाचें तें जॉबर ठरवी. तेथें कसबापेक्षां दस्तुरीच पुष्कळदां अधिक उपयोगी पडे. व्हिटले कमिशननें १९३१ सालीं, भरतीचें काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसराकडे द्यावें, अशी शिफारस केली. १९३५ सालीं गिरणीमालक संघानें बदली-नियंत्रणाची पद्धत काढली. महिन्याच्या आरंभीं निवडक लोकांना कार्डें द्यावयाचीं, त्यांनीं रोज सकाळीं हजर व्हावयाचें आणि रिकाम्या जागा त्यांतूनच भरावयाच्या, एवढीच ती युक्ति! कागदाचा तुकडा दिसावयास क्षुल्लक खरा. परंतु आजवर जॉबरच्या मर्जींत असलेला बदलीवाल्याचा हक्क त्यामुळें कचेरीच्या दप्तरांत आला. जॉबरचें वजन घटलें, नाहींसें मात्र झालें नाहीं. १९५० सालीं सरकारी नोंदणीची योजना मुंबईंत आली. तींत सामील होणें गिरण्यांच्या खुषीवर होतें. शिवाय कार्डानें पाळी मिळे, काम मिळेच असें नव्हे. ज्या दिवशीं सारे कायम कामगार हजर, त्या दिवशीं बदलीवाला कार्ड खिशांत घालून मजुरीवांचून घरीं परते.