दुखणे थांबले, म्हणजे मुतखडा गेला असे नाही

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आपले अनेकजण वीटभट्टीवर, बांधकामावर, कारखान्याच्या पाळीत राबतात. घाम निथळतो, पाणी मात्र पोटात जात नाही. लघवी दाट होते आणि खडा धरतो. कंबरेत कळ आली की पानफुटीचा पाला, कुळथाचे कढण किंवा दुकानातली गोळी घेऊन आपण वेळ मारून नेतो. कळ थांबली की खडा पडला, असे समजतो.

लहान खडा लघवीवाटे पडतोही. मोठा खडा मात्र वर्षानुवर्षे न दुखता मूत्रपिंडात बसून राहतो. काही खडे तर सांबराच्या शिंगांसारखे फाटे फुटून आतली सारी पोकळी व्यापतात. सततच्या घर्षणाने आणि जंतुसंसर्गाने त्या पोकळीचे अस्तर बदलू लागते. क्वचित त्यातूनच ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ हा कर्करोग होतो.

घाबरू नये. मूत्रपिंडाच्या कर्करोगांत याचे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी आहे. मुतखडा असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. पण ज्याला होतो, त्याला बहुधा उशिराच कळतो, कारण याची लक्षणे मुतखड्यासारखीच असतात आणि सोनोग्राफीत गाठ खड्याआड लपू शकते. कित्येकदा निकामी मूत्रपिंड काढून तपासल्यावरच रोग उघड होतो. तोवर तो पसरलेला असला, तर उपचार कठीण जातात.

म्हणून जुना मुतखडा असलेल्यांनी दुखत नसले तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने सोनोग्राफी करावी. लघवीतून रक्त जाणे, वारंवार थंडी-ताप येणे, वजन घटणे, कुशीत गाठ लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा चौकचे ग्रामीण रुग्णालय येथे आधी दाखवावे. सी.टी. स्कॅन लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंड काढले गेले, तर बायोप्सीचा अहवाल मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. कर्करोग निघाला, तर परळचे टाटा स्मारक रुग्णालय आपल्याला लोकलच्या अंतरावर आहे. खर्चाच्या भीतीने आजार अंगावर काढू नये. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

आणि उद्या कामावर निघताना डब्याबरोबर पाण्याची मोठी बाटली न विसरता घ्यावी.